धामूपूरच्या रसूलन बीबी

परमवीर अब्दुल हमीद म्हटले की जीपवर बसवलेली तोफ आणि पेटलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. २००० साली निघालेल्या तीन रुपयांच्या टपाल तिकिटावरही त्यांच्यासोबत जीपच होती. त्या जीपमागे उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातले एक शिंप्याचे घर होते आणि हमीद गेल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्या पत्नी रसूलन बीबी त्या घराच्या वतीने बोलत राहिल्या, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी धामूपूर येथे झाला. वडील मोहम्मद उस्मान शिवणकाम करीत. मुलानेही आधी तेच काम हाती घेतले होते, पण त्याचे मन कुस्तीत आणि लाठी फिरवण्यात अधिक रमे. २७ डिसेंबर १९५४ रोजी ते ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि पुढे चौथ्या बटालियनमध्ये गेले. १९६२ च्या चीन युद्धात हीच बटालियन ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठी होती व वेढ्यातून सुटून भूतानमार्गे पायी परतली. पराभव कसा असतो, हे हमीद यांनी तेव्हाच पाहिले होते.

१९६५ साली ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे शिधा, कपडे आणि साहित्य यांचा हिशेब सांभाळणे हे त्यांचे काम. तथापि १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर बटालियनमध्ये त्यांच्याइतका अचूक नेमबाज दुसरा नव्हता, म्हणून पाकिस्तानशी युद्ध येऊन ठेपताच त्यांना पुन्हा त्या तोफांकडे धाडण्यात आले. गावाहून निघण्याच्या दिवशी वळकटीची दोरी तुटून सामान पसरले आणि रसूलन बीबींनी आज जाऊ नका म्हणून विनवले, अशी आठवण नेहमी सांगितली जाते. असे अपशकुन बहुधा मागाहून आठवतात, असे मला वाटते. पण निरोप देणाऱ्या पत्नीच्या मनातली भीती खोटी असण्याचे काहीच कारण नाही.

पंजाबच्या सीमेवरील खेमकरण भागातील असल उत्तर आणि चिमा या गावांच्या परिसरात ऊस आणि कापूस उभा होता, आणि त्या पिकाच्या आडोशाला आपल्या तोफा दडल्या होत्या. रिकॉइललेस तोफ हलकी असते, जीपवर बसते. परंतु बार उडताच मागच्या बाजूने ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला तत्काळ कळते. त्यामुळे गोळा सोडायचा आणि लगेच जागा बदलायची, एवढाच बचाव तोफचीच्या हाती उरतो, कारण जीपला चिलखत नसते. १० सप्टेंबरच्या सकाळी हमीद यांनी हेच केले. बाजूने पुढे सरकून त्यांनी आघाडीचा रणगाडा निकामी केला, जागा बदलून दुसरा पेटवला, आणि मग त्यांची जीप शत्रूच्या नजरेत आली. तरीही ते आणखी एका रणगाड्यावर मारा करीत राहिले आणि तेवढ्यात आलेल्या गोळ्याने त्यांचा घास घेतला. त्यांनी एकूण किती रणगाडे फोडले, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. त्या वादात मला फारसा रस नाही. त्याच लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व पुढे लष्करप्रमुख झालेले आपले अरुणकुमार वैद्य करीत होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो.

हमीद तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि मागे चार मुलगे व एक मुलगी होती. त्यांची कबर असल उत्तरलाच आहे, गावापासून कितीतरी दूर पंजाबात. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते रसूलन बीबींनी परमवीर चक्र स्वीकारले.

सन्मान एका दिवसाचा असतो, घर रोजचे चालवावे लागते. २००८ मध्ये त्यांनी लखनौला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांची भेट घेतली, तेव्हा त्यांच्या मागण्या पाहण्यासारख्या होत्या: गावात सैन्यभरती केंद्र व्हावे, घराचे स्मारक व्हावे, पुण्यतिथी देशपातळीवर पाळली जावी आणि नातवंडांना सरकारी नोकरी मिळावी. स्मारक आणि नोकरी एकाच दमात मागण्यात काहींना विसंगती वाटेल. मला त्यात संसार चालवलेल्या बाईचा रोखठोकपणा दिसतो. ज्या सैन्याने नवरा नेला, त्याच सैन्याने आपल्या दारी येऊन गावची पोरे भरती करावीत, ही मागणी तर कुणी शिकवून येणारी नव्हे.

२०१७ साली त्यांनी लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांना पुण्यतिथीला येण्याची गळ घातली आणि १० सप्टेंबरला रावत खरोखरच धामूपूरला आले. २ ऑगस्ट २०१९ रोजी रसूलन बीबींचे निधन झाले. धामूपूरची पुण्यतिथी त्यानंतर त्यांच्याविना होऊ लागली.