साबळे, किपचोगे आणि माझा ट्रेडमिल

माझा वॉर्मअप आठ मिनिटं अकरा सेकंदांचा असतो. पट्ट्यावर चढायचं, मोबाइल समोरच्या खाचेत टेकवायचा आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, लावायची. आपला बीडचा अविनाश साबळे केनियाच्या तिघांना भिडतो, शेवटी अब्राहम किबिवोटला जवळजवळ गाठतो आणि ०.०५ सेकंदानं हुकतो. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. या शर्यतीत १९९४ नंतर प्रथमच केनियाबाहेरच्या कुणाला तरी पदक मिळालं होतं, हे मला पाठ आहे. तरी शेवटचा अडथळा आला की दर वेळी वाटतं, आज जमवतोय गडी! तेवढ्यात माझा पाय पट्ट्याच्या कडेला लागतो.

व्यायामाचा मला मनापासून कंटाळा. हे खूळ डोक्यात शिरलं ते इथं बर्लिनमध्ये, २५ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी. मित्राकडे नाश्त्याला निघालो होतो आणि पोट्सडामर प्लाट्झपाशी अडकलो. मॅरेथॉनमुळे रस्ता बंद. डांबरावर निळी रेघ ओढलेली. धावणाऱ्यांना सगळ्यात जवळचा मार्ग कळावा म्हणून. शेजारी एक आजी लाकडी डावानं पातेलं बडवत होत्या. मी वैतागून घड्याळ बघत होतो.

मोटारसायकली गेल्या, गाडी गेली आणि मागून केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे आला. एकटाच. साथ देणारे पेसमेकर कधीच गळाले होते. अडतीस किलोमीटर पळून आलेला माणूस कसा दिसेल याची माझ्या मनात एक कल्पना होती, त्यातलं काहीच दिसलं नाही. खांदे सैल, बोटं अलगद मिटलेली, डोकं जागचं हलत नव्हतं. पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत असे फिरत होते. मोबाइल काढेपर्यंत पाठमोरा झाला. माझ्याकडच्या एकुलत्या फोटोत पातेलं आहे, डाव आहे, किपचोगे नाही. त्यानंतर कितीतरी वेळ रस्ता रिकामा. (दुसरा आलेला मार्क कोरीर शेवटी जवळजवळ पाच मिनिटं मागे राहिला.) आजी रिकाम्या रस्त्यासाठीही तेवढ्याच जोरात बडवत होत्या.

२:०१:०९, तेव्हाचा विश्वविक्रम. पुढच्याच वर्षी शिकागोत केल्विन किप्टमनं तो मोडला, पण माझ्यासाठी आकडा हाच. घरी येऊन गणित मांडलं: दर किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, म्हणजे ताशी साधारण २१ किलोमीटर. आमच्या जिममधला ट्रेडमिल २० वर थांबतो. म्हणजे हा माणूस दोन तास ज्या वेगानं पळाला, तो वेग मशीनला झेपत नाही!

मग काय, खाज सुटली. दुसऱ्या दिवशी बटण दाबत गेलो. दहाला ठीक होतं. तेराला पाय माझे राहिले नाहीत. सोळाला दोन्ही दांड्या धरून कडेला उडी मारली आणि पट्टा माझ्याविना मजेत फिरत राहिला.

दमछाक वाढली की आपण मुद्दाम हसतो, असं किपचोगेनं सांगितलंय. तेही करून पाहिलं. आठच्या वेगावर, घामाघूम, दात दाखवत. शेजारच्या सायकलवरचे सत्तरीतले गृहस्थ उतरून आले आणि काळजीनं म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतंय ना? कुणाला बोलावू का?" गंमत म्हणजे हसल्यावर आवळलेला जबडा सुटला, पाठोपाठ खांदे उतरले आणि दोन मिनिटं जास्त पळालो. वेग कुणाला उसना घेता येत नाही, सैल खांदे येतात. मला एवढीच चोरी जमली.

त्या गृहस्थांना शेवटी सगळं सांगावं लागलं. साबळेची शर्यतही दाखवली. पाण्याच्या खड्ड्यावर ते लहान मुलासारखे हसले. एवढा रस्ता असताना माणसं पाण्यात कशाला उड्या मारतात, हा त्यांचा सवाल. शेवटच्या शंभर मीटरला मात्र पायडल मारायचे थांबले.

आता मंगळवारी मी पट्ट्यावरून उतरलो की ते सायकलवरूनच विचारतात, "काय, आज तरी जिंकला का?"