कॅचेमॅक उपसागरातील जून

अलास्कातील होमर येथे जूनमध्ये अंधार असा फारसा होतच नाही. त्यामुळे पहाटे बोटीवर चढतानाही आपल्याला उशीर झाला की काय, असे मला वाटत राहिले. कॅचेमॅक उपसागरात भरती आणि ओहोटी यांतील फरक कधी कधी 8 मीटरच्या आसपास जातो, आणि प्रवाहाला जोर असताना गळाला बांधलेले जड शिसेही तळाशी टिकत नाही, म्हणून हॅलिबट मासा पकडायला पाणी थबकते तो थोडा वेळच खरा सोयीचा. तळाशी पडून राहणाऱ्या या चपट्या माशाचे डोळे पिल्लावस्थेत दोन्ही बाजूंना असतात, पण वाढताना सहसा डावा डोळा सरकत उजवीकडे येतो. गळाला लागलेला मासा वर ओढताना मात्र हे कुतूहल मागे पडले. ओली फरशी उचलत आहोत, असेच हातांना जाणवत होते.

परतताना गल आयलंडच्या कड्यांवर किटिवेक आणि मर पक्ष्यांची दाटी होती (वास आधी आला, पक्षी नंतर दिसले). जवळच समुद्री पाणमांजरे उताणी तरंगत होती. त्यांच्या अंगात चरबीचा जाड थर नसतो, सारी ऊब दाट केसांची. म्हणून ती सतत अंग साफ करत असतात. इंजिन मंद केले, तरी एक मादी पिल्लाला पोटावर घेऊन दूर सरकलीच. खरे तर आम्ही इतके जवळ जायला नको होते.