'तळ्यात बुडालं कुंकू' पुन्हा वर आलं त्याची गोष्ट

2011 च्या दिवाळीआधी गडचिरोलीतल्या वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकांनी माझ्या नाटकाचे सात हजार रुपये मोजून दिले आणि त्याच बैठकीत नाटकाचं नाव बदललं. मी ठेवलं होतं 'सलंग'. तळ्याची पाळ फुटू नये म्हणून जादाचं पाणी जिथून काढून देतात ती जागा म्हणजे सलंग. आमच्या भागात हे शेंबडं पोरगंही सांगेल. मालक म्हणाले, "मास्तर, पोस्टरवर सलंग वाचून कोन येईल? बाया रडल्या पायजेत." पोस्टर छापून आलं, त्यावर लाल अक्षरांत 'तळ्यात बुडालं कुंकू'. नाटकात कुंकू कुठेच बुडत नाही. एक ढिवराची, म्हणजे मासेमाराची, विधवा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासेमारीच्या ठेक्यासाठी ग्रामसभेत उभी राहते, एवढीच गोष्ट.

(मी गावातलं पोस्टाचं शाखा कार्यालय चालवतो, म्हणून मास्तर. नाटकं लिहिणं हा पावसाळ्यातला धंदा, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटपला की.)

चार खेळ झाले. पाचव्या गावच्या मंडळाने सांगून पाठवलं, दुसरं नाटक आणा. का पडलं ते मला तेव्हाच कळलं होतं. झाडीपट्टीचं, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या चार जिल्ह्यांचं, नाटक रात्रभर चालतं. पहाटे तीन वाजता शेकोटीपाशी पेंगणाऱ्या माणसाला उठवायचं तर खून पाहिजे, नाही तर लावणी. माझ्या तिसऱ्या अंकात ग्रामसभेचा ठराव होता.

त्यानंतर मी नऊ नाटकं लिहिली. त्यातली चार-पाच बरी चालली, आणि 'कुंकू' मी विसरलो.

2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून नागपूरच्या माणसाला झाडीपट्टी म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी तिथली काही हौशी पोरं माझ्याकडे आली. त्यातल्या एकीचं आजोळ आमच्या गावचं. तिने विचारलं, "काका, तुमचं न चाललेलं एखादं नाटक आहे का? चाललेली आम्ही पाहिलीत." मला राग यायला हवा होता. पण तोंडातून निघालं, "आहे एक."

ते होतं कुठे, हा खरा प्रश्न. माझी प्रत ऑगस्ट 2020 च्या शेवटी गेली. गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगा घरात शिरली. आम्ही धानाची पोती आणि आईला माळ्यावर चढवलं, ट्रंक खालीच राहिली. पाणी उतरल्यावर ती उघडली तर वह्यांचा लगदा. मालकांकडची प्रत केव्हाच रद्दीत गेलेली. उरला प्रॉम्प्टर.

आमच्याकडे तालमी जवळपास होतच नाहीत. नट आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला वेळ कुणाला? सगळं नाटक प्रॉम्प्टरच्या तोंडून नटाच्या कानात जातं. म्हणून नाटकाची खरी प्रत लेखकाकडे कधीच नसते, ती प्रॉम्प्टरकडे असते. आमचा प्रॉम्प्टर आता नदीपलीकडे एका खेड्यात किराणा दुकान चालवतो. त्याने तेलाच्या पिंपामागची पेटी ओढून काढली. वर सात-आठ लग्नपत्रिका, खाली दोनशे पानी रजिस्टर. पहिल्या पानावर लाल अक्षरात नाव, खाली चार गावं आणि चार तारखा.

"वही देईन," तो म्हणाला, "पन परत आनून द्यायची."

मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचायला लागलो आणि घाम फुटला. अक्षर माझं नव्हतं ते ठीक, पण अर्धं नाटकही माझं नव्हतं. शिसपेन्सिलीने 'इथे रडणे', 'गाणे लांबवा, हिरो आला नाही', आणि जागोजागी लाल शाईने लिहिलेले संवाद, कॉमेडीवाल्या दादांचे. चार खेळांत त्यांनी रंगमंचावर जे जे सुचेल ते टाकलं आणि प्रॉम्प्टरने इमानदारीने उतरवून घेतलं. ठेकेदार माशांचा हिशेब विचारतो तिथे माझं वाक्य होतं, "मालक, मासे नाहीत." त्यावर काट मारून लाल शाईत: "पानी सरकारचा, मासोऱ्या ठेकेदाराच्या, अना गराले लागलो मी!" (गर म्हणजे मासे धरायचा गळ.) सगळ्या रजिस्टरमधलं सर्वांत चांगलं वाक्य हेच, आणि ते माझं नाही.

ही गोष्ट डोक्यात घेऊनच ब्रह्मपुरीला वकिलाकडे गेलो. सात हजारांच्या पावतीवर मी सही केली होती: 'नाटकाचे सर्व हक्क दिले.' ती कागदपत्रं पोस्टाच्या कपाटात होती म्हणून वाचली. माझी समजूत अशी की दिले म्हणजे कायमचे दिले. वकील म्हणाले, पावतीवर मुदत लिहिली आहे का? नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे 2016 लाच माझं नाटक माझ्याकडे परत आलं होतं आणि मला पत्ता नव्हता. आणखी एक: हक्क घेणाऱ्याने एखादा हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क तिथेच संपतो. आमच्या भागात असे किती लेखक पावतीवर सही करून आपलंच नाटक परकं समजत बसले असतील, देव जाणे.

तरी मी मालकांकडे गेलो. कायदा कायद्याच्या ठिकाणी, वडशाच्या रस्त्यावर उद्या तोंड दाखवायचं आहे. ते हसले. "थे नाटक? चार खेळांत बावीस हजारानं बुडालो मी. घेऊन जा." लेटरहेडवर हरकत नाही असं लिहून दिलं, वर चहा.

दादांकडे जायला मात्र मला तीन आठवडे लागले. सिंदेवाहीकडच्या त्यांच्या गावी पोचलो तेव्हा ते अंगणात शेळीचं खूर कापत होते. मी रजिस्टर उघडून लाल ओळी वाचून दाखवल्या. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तेच पुढचं बोलायला लागले. मग म्हणाले, "हे सारं घे. पन गरावालं वाक्य नाई देत."

"का दादा?"

"थो डायलॉग मी अजून चालवतो ना बाप्पा! तुह्या नाटकानंतर अकरा नाटकांत टाकला. जंगलाच्या नाटकात, जंगल सरकारचा, पत्ता ठेकेदाराचा, अना काटा रुतला मायाच पायात. बदलून बदलून."

माझं नाटक चार खेळांत मेलं असं मी तेरा वर्षं समजत होतो, आणि त्यातली एक ओळ त्या चार जिल्ह्यांत दर हंगामाला फिरत होती. ज्याला मी मोठ्या धाडसाने 'जुन्या कामाचा नव्याने उपयोग' म्हणत होतो, ते दादा रोज रात्री तोंडाला रंग लावून करत होते. शेवटी तोड निघाली. नागपूरच्या प्रयोगात वाक्य राहील, पत्रिकेवर 'विनोदी संवाद' म्हणून त्यांचं नाव येईल, आणि माझ्या मानधनातला चौथा हिस्सा त्यांचा. त्यांनी अंगठ्याने तंबाखू दाबत मान हलवली. हे मी कागदावर घेतलं, तेव्हा ते जरा दुखावल्यासारखे वाटले.

मग लिहायला बसलो. पोरांना दोन तासांचं हवं होतं, माझ्याकडे सहा तासांचं होतं. मला वाटलं कात्री लावली की झालं. नऊ गाण्यांतली आठ काढली. लावणी काढली. नायकाच्या मित्राची पूर्ण प्रेमकथा काढली, ती मालकांच्या आग्रहाने घातलेलीच होती. पहिल्या वाचनाला नागपूरला गेलो. वाचून झालं, कुणी काही बोलेना. मग आजोळवाली पोरगी म्हणाली, "काका, ही बाई प्रत्येक गोष्ट तीन वेळा का सांगते?"

कारण एकदा सांगितलेलं मागे बोरी (पोतं) अंथरून बसलेल्याला ऐकू जात नाही. कारण बायका मधेच लेकराला बाहेर घेऊन जातात, परत आल्या की त्यांना धागा सापडला पाहिजे. कारण थंडीत माईक खरखरतो. तीन वेळा सांगणं ही चूक नव्हती, ती त्या मांडवाची गरज होती. पण बंद खोलीत, तीस माणसांसमोर, ती बाई बावळट वाटत होती.

ते तिहेरी सांगणं काढलं आणि घड्याळ लावून वाचलं. पस्तीस मिनिटं. माझ्या सहा तासांच्या नाटकात माझं स्वतःचं पस्तीस मिनिटांचं होतं. त्या रात्रीच्या एसटीत मी कुणाशी बोललो नाही.

बाकीचं नव्याने लिहावं लागलं. 2011 मध्ये जे प्रसंग लोक उठून जातील या भीतीने टाळले होते, ते आता लिहिले. विधवा रात्री एकटी पाळीवर जाते आणि तळ्याचं पाणी सोडायचं तुडूम उघडावं की नाही यावर पाऊण तास स्वतःशी भांडते, हा त्यातला मोठा. आणि भाषा! जुन्या प्रतीत ही ढिवरीण बोलते, "मी आपणास कदापि क्षमा करणार नाही." झाडीपट्टीत शुद्ध बोलतो तो नायक, बोलीत बोलतो तो हसवणारा. मीही डोळे मिटून तेच केलं होतं. आता ती म्हणते, "माफी-बिफी माह्यापाशी नाई." तुडूम म्हणजे काय हे शहरातल्यांना कळावं म्हणून दिग्दर्शकाला एक समजावणारं पात्र हवं होतं. मी नकार दिला. तुडूम उघडल्यावर पाण्याचा आवाज येतो, तेवढ्यावर कळतं.

पुराचा प्रसंगही लिहिला होता, सात पानं, रडत रडत. दिग्दर्शकाला आवडला. मीच काढला. तो माझ्या ट्रंकेचा होता, त्या बाईचा नव्हता.

कागदाचं काम त्या मानाने सोपं. नाव बदललं, संहिता बदलली, म्हणून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, नव्याने प्रती पाठवल्या. स्पीड पोस्टाने, शिक्का माझ्याच हाताने मारून. कॉपीराइट लिहिताक्षणीच आपला असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण एकदा पोळलो होतो, म्हणून ऑनलाइन अर्ज भरला. नमुना 14, फी 500 रुपये, मग हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही. नागपूरच्या करारात वकिलांनी एकच गोष्ट तीनदा वाचून दाखवली: फक्त रंगमंचावरचे प्रयोग, तीन वर्षं, रेकॉर्डिंग वेगळं.

गेल्या हिवाळ्यात 'सलंग' नागपूरला झालं. प्रॉम्प्टरला मी सोबत नेलं होतं. तो माझ्या शेजारी बसून पहिल्या प्रवेशापासून ओठ हलवत होता. मधेच मला कोपर मारून म्हणाला, "हे वाक्य तं नव्हतंच!" गराचं वाक्य आलं तेव्हा हसू आलं, पण दोन क्षण उशिरा, मागच्या चार रांगांतून. आमच्याकडचे शिकायला गेलेले पोरंपोरी तिथे बसले होते. एका पुणेकर पाहुण्याने नंतर मला विचारलं, हे नाटक मूळ कशावर बेतलं आहे? मी म्हटलं, माझ्यावरच.

रजिस्टर मी दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन दिलं. त्याने पानं मोजून घेतली.

आणि या दिवाळीआधी वडशाहून मालकांचा फोन. नागपूरचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "मास्तर, थे दोन तासाचं मले द्या. आठ गानी आपन भरू, एक लावनी टाकू. दादाले विचारलं, थे तयार आहेत."

मी म्हटलं, देतो. एका हंगामापुरतं, मुदत लिहून. आणि तुडुमाचा प्रसंग काढायचा नाही.

"नाई काढत. पहाटे पाचले ठेवू थो, शेवटी. नाव मातर..."

"कुंकू?"

"पोस्टरचा ब्लॉक जुनाच पडला आहे ना आपल्याकडे."