सोमालीलँडची निवडणूक: कधी जावं, काय न्यावं, काय बघावं

पूर्व आफ्रिकेतल्या सोमालीलँडची निवडणूक बघायला जायचं असेल तर फक्त मतदानाच्या दिवसापुरतं जाऊ नका. मी पाहिलेलं मतदान ३१ मे २०२१, सोमवारचं. राजधानी हर्गेसात त्या दिवशी वाहनांना बंदी होती. पायी जिथवर पोचता येईल तेवढीच केंद्रं बघायला मिळतात आणि दुपारच्या उन्हात तीही नकोशी होतात. मजा आहे ती आधीच्या प्रचारात, आणि त्याहून जास्त निकालाच्या वाट पाहण्यात. थोडं आधी या, निकाल लागेपर्यंत थांबा.

ज्यांना या प्रदेशाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिशांकडून २६ जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळालं आणि १ जुलैला हा भाग दक्षिणेकडच्या इटालियन सोमालियात विलीन झाला. ते लग्न काही टिकलं नाही. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या विमानांनी हर्गेसा भाजून काढलं. विमानं उडत होती ती याच शहराच्या विमानतळावरून. त्यातलंच कोसळलेलं एक मिग आज भर चौकात स्मारक म्हणून चढवून ठेवलं आहे. १८ मे १९९१ला सोमालीलँडनं पुन्हा वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून चलन, पोलीस, पासपोर्ट, संसद सगळं स्वतःचं आहे, पण २०२१ पर्यंत मान्यता एकाही देशाची नव्हती. २०२० मध्ये इथं कार्यालय थाटलं ते तैवाननं, ज्याची स्वतःचीच मान्यतेची रड आहे.

आपला एक जुना धागाही आहे. १८९८ पर्यंत या किनाऱ्याचा कारभार येमेनमधल्या एडनमार्फत चाले आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढेही कितीतरी वर्षं इथं रुपयाच चालायचा. बर्बेरा बंदराच्या जुन्या वस्तीत फिरताना हे डोक्यात असू द्या.

आता निवडणूक. प्रतिनिधिगृहात ८२ जागा. मुदत पाच वर्षांची, पण आधीची निवडणूक झाली होती २००५ मध्ये. म्हणजे पाच वर्षांसाठी निवडून गेलेली मंडळी सोळा वर्षं खुर्चीत. मुदतवाढी मिळत गेल्या आणि त्यात मोठा हात गुर्तीचा. गुर्ती म्हणजे टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांचं वरिष्ठ सभागृह. तेही ८२ जणांचंच, आणि तिथं जनतेच्या मतानं कधीच कोणी गेलेलं नाही. हॉटेलखालच्या टपरीवर चहा देणारा मुलगा म्हणाला, मागच्या निवडणुकीच्या वेळी मी चालायला शिकत होतो. २०२१ला त्याचं पहिलं मत होतं आणि तो ज्याला त्याला मतदार कार्ड काढून दाखवत होता.

राज्यघटनेनं पक्षांची संख्या तीनवर बांधून ठेवली आहे. २०२१ मध्ये ते तीन होते: तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुसे बिही यांचा सत्ताधारी कुल्मिये, विरोधातला वद्दानी आणि फैसल अली वराबे यांचा उसिद. प्रचाराची रीत मला फार आवडली. तिघांना दिवस वाटून दिलेले असतात. आज ज्याचा दिवस त्याच्याच गाड्या, त्याचीच गाणी, त्याचेच झेंडे. बाकीचे दोघे घरी. समोरासमोर मिरवणुका येऊन डोकी फुटायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे कुणी हे सुचवून बघावं! वद्दानीच्या दिवशी शहर नारिंगी होतं. टपावर बसलेली पोरं, भोंगे, धूळ. त्या दिवशी मुख्य रस्त्यावरून कुठं जायची घाई ठेवू नका.

मतदान बहुतेक ठिकाणी शाळांमध्ये. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी, आणि मी पाहिलेल्या केंद्रावर बायकांची लांब होती. आत जायला निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं, ते निरीक्षकांना आणि पत्रकारांना मिळतं. तुम्ही-आम्ही फाटकाशी उभं राहायचं. पण शाईचं टेबल व्हरांड्यातच मांडलेलं, त्यामुळे तेवढं नीट दिसलं. आपल्याकडे नखावर रेघ ओढतात. इथं करंगळीच बाटलीत बुडवत होते. एका आजींनी मेंदी लावली होती. टेबलामागच्या पोरानं त्यांची करंगळी उजेडाकडे धरून, आधीची शाई तर नाही ना, हे दोनदा निरखलं. आजी भडकल्या, रांग हसली, करंगळी बुडाली. या नोंदणीत डोळ्यांची बुबुळंसुद्धा टिपलेली आहेत. २०१७ पासूनची ही पद्धत. नोंदलेले मतदार साधारण १० लाख ६५ हजार.

फोटोचं सांगून ठेवतो. केंद्राचे, पोलिसांचे, नाक्यांचे फोटो नकोत. बायकांचे तर विचारल्याशिवाय नकोतच.

६ जूनला निकाल लागला. वद्दानी ३१, कुल्मिये ३०, उसिद २१. सत्ताधारी पक्ष एका जागेनं मागे पडला आणि कुठं गोळी चालली नाही, दुकानं फुटली नाहीत. दोन्ही विरोधी पक्षांनी लगेच हातमिळवणी जाहीर केली. हॉटेलच्या टीव्हीपुढे कुल्मियेवाले आणि वद्दानीवाले एकाच टेबलावर बसून एकमेकांवर कावत होते, ते माझ्या दृष्टीनं या प्रवासातलं सगळ्यात बघण्यासारखं.

सगळ्यात जास्त मतं पडली बरखाद जामा बातून यांना, २६ हजारांच्या वर. ते गबोये समाजाचे. चामड्याचं, लोहारकीचं, केस कापायचं काम करणारे म्हणून शतकानुशतकं खालचे ठरवलेले लोक. मोठ्या टोळ्या त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुसरी बाजूही ऐका. २४६ उमेदवारांत बायका १३, निवडून आली एकही नाही. उमेदवार ठरतो टोळीच्या बैठकीत, आणि बाई माहेरच्या टोळीची की सासरची, यातच तिचं नाव गळतं. रांगेत उभ्या असलेल्या बायका आणि हा शून्य यांचा मेळ मला तरी लागला नाही. परदेशी निरीक्षकांच्या कौतुकात ही गोष्ट दबून जाते.

आता व्यवहाराचं. मी अदिस अबाबात नोकरीला असल्यानं तिथून विमानानं गेलो. मुंबईहून येणाऱ्यांनाही अदिसमार्गे सोयीचं, दुबईहूनही विमान आहे. २०२१ मध्ये विमानतळावर व्हिसा मिळत होता, ६० डॉलर रोख, नोटा नव्या कोऱ्या लागत. इथिओपियाच्या सीमेवरच्या वजालेच्या नाक्यावरून रस्त्यानं येणार असाल तर मात्र व्हिसा अदिसमधल्या सोमालीलँडच्या कार्यालयातून आधीच काढा. इथिओपियात परतायचं असेल तर तिथला व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासा. २०२१ मध्ये कोविड चाचणीचा कागदही लागत होता. हर्गेसात भारतीय वकिलात नाही, काही झालं तर नैरोबीकडे बघावं लागतं. प्रवास विमाही बहुतेक कंपन्यांचा इथं चालत नाही, अटी वाचून घ्या.

कार्डाच्या भरवशावर येऊ नका. डॉलर चालतात. २०२१ मध्ये एका डॉलरला साडेआठ हजारांच्या आसपास शिलिंग मिळत होते, त्यामुळे वीस डॉलर मोडले की पिशवी लागे. स्थानिक लोक भाजीसुद्धा मोबाइलवरच्या ‘झाद’नं घेतात. मी गेलो तेव्हा शहराबाहेर जाताना सशस्त्र पोलीस सोबत घ्यावा लागत होता. लास गीलची हजारो वर्षांपूर्वीची गाईंची चित्रं पन्नासेक किलोमीटरवर आहेत. परवाना पर्यटन खात्यातून घ्या, पण मतदानाच्या आदल्या-नंतरच्या दिवशी नाही, सगळे पोलीस केंद्रांवर असतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. सकाळी आंबोळीसारखं लाहोह आणि मध, दुपारी पास्ता किंवा भात-केळं. दारू अजिबात नाही. बायकांनी डोकं झाकायचं. दुपारनंतर अर्धं शहर ‘खात’ नावाची नशा देणारी पानं चघळत बसतं, कामं सकाळीच उरका.

गप्पांत ‘सोमालिया’ म्हणू नका. आणि ‘तुमचं सरकार आम्हाला मान्यता कधी देणार?’ हा प्रश्न टॅक्सीवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे विचारतील, त्याचं काहीतरी उत्तर तयार ठेवा.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तेव्हा २०२२ च्या अखेरीस ठरली होती. कुणाला पुढच्या निवडणुकीला जायचं असेल तर जरूर जा, पण इथल्या तारखांचा आजवरचा इतिहास बघता तिकीट रद्द करता येईल असंच काढा.