तंजावरच्या भिंतीवरची मराठी

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून मी आणि आई सकाळी तंजावरला उतरलो. आईची एकच अट होती: राजवाडा, बाजार सगळं नंतर, आधी बृहदीश्वर.

चपला बाहेर काढून जायचं असतं आणि ऊन चढलं की तिथली फरशी पाय भाजते, म्हणून सातलाच आत शिरलो. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाडीत एकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पडते की! आम्ही त्या सावलीतच टेकलो होतो.

पण आम्हाला खरी ओढ होती ती नैर्ऋत्येला गणपतीच्या देवळाजवळच्या भिंतीची. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये तिथे भोसले घराण्याची हकिकत कोरवून घेतली आहे. मराठीत, देवनागरीत. अवतीभवती चोळांचे तमिळ लेख आणि मध्येच आपली अक्षरं! आई भिंतीला हात न लावता, हवेतच बोट फिरवत एकेक शब्द सुटा करू लागली. काही ठिकाणी अडली, मागे आली, पुन्हा वाचलं. ‘राजे’ हा शब्द पहिल्यांदा लागला तेव्हा तिने तो मोठ्याने म्हटला. पाऊण तास आम्ही त्या भिंतीपाशी होतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे इथे आले, आणि १८५५ मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं, हे शाळेत दोन ओळींत उरकलं होतं. इतक्या पिढ्या इथे मराठीत कारभार झाला, हे मला त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर कळलं.

राजवाड्यात दरबार हॉल, चोळांची कांस्यशिल्पं, हात जोडून उभे असलेले संगमरवरी सरफोजीराजे, हे सगळं पाहिलं. मन मात्र सरस्वती महाल ग्रंथालयात अडकलं. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, त्या त्या डोळ्याच्या रंगीत चित्रासकट, सरफोजीराजांनी ठेवून घेतल्या होत्या. त्या इथे जपल्यात. मोडी कागदांची बाडंही आहेत. मोडी येणाऱ्यांनी इथे यावं, अगदी कळकळीने सांगते.

बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींनी आमचं बोलणं ऐकून मराठीतच विचारलं, “कुठून आलात?” त्यांची मराठी तमिळ हेलाची, पण एकही शब्द परका वाटेना. बोलणं जेवणावर आलं. त्यांच्याकडे सणाला डांगर पच्चडी होते: उडदाचं पीठ, दही, वरून फोडणी.

“म्हणजे आमचं डांगरच!” आई म्हणाली. “कांदा घालता?”

मग दोघी फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी, यावर बराच वेळ बोलत बसल्या. मी रिक्षावाल्याला आणखी थोडं थांबायला सांगितलं.