न्यू जर्सीत इलेक्ट्रिक सेडान घेतली, त्याचा अनुभव

आमची जुनी कॅमरी जून 2024 मधे ट्रान्समिशनपाशी येऊन थांबली. मेकॅनिकने सांगितलेला दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास होता, म्हणून दुसरी गाडी, तीही इलेक्ट्रिकच, घ्यायची ठरलं. आम्ही एडिसनला राहतो, माझं ऑफिस पार्सिपनीला, म्हणजे रोजचे जाऊन येऊन 60 माइल आणि 287 हायवेवरचं ट्रॅफिक. ताई बॉस्टनजवळ असते, वर्षातून दोन-तीनदा तिकडे जाणं होतं, साधारण 240 माइल. हे आकडे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिले आणि पुढचे तीन महिने त्याचा इतका उपयोग झाला की कुणी विचारलं तर मी आधी हेच करायला सांगतो.

एसयूव्ही नको होती. सेडानच हवी, कारण हायवेवर तीच कमी करंट खाते. आमच्या बजेटमधे बसणाऱ्या दोनच नव्या गाड्या होत्या, टेस्ला मॉडेल 3 आणि ह्युंदाई आयोनिक 6. जुनी घ्यायचाही विचार केला, 25 हजार डॉलरच्या आतली जुनी इलेक्ट्रिक गाडी डीलरकडून घेतली तर 4 हजारांपर्यंत टॅक्स क्रेडिट होतं, पण त्याला नवरा-बायको मिळून उत्पन्नाची मर्यादा दीड लाख आणि आम्ही दोघं नोकरी करतो, त्यामुळे तो विषय एका संध्याकाळीच संपला.

कागदावर दोन्ही गाड्या तेव्हा एकदम सारख्या. मॉडेल 3 लाँग रेंज रिअर व्हील ड्राइव्ह 42,490 डॉलर, ईपीए रेंज (सरकारी आकड्याप्रमाणे एका चार्जमधे जाणारं अंतर) 363 माइल. आयोनिक 6 ची एसई लाँग रेंज 42,450 आणि 361 माइल (दोन्ही डेस्टिनेशन चार्ज म्हणजे गाडी डीलरपर्यंत आणायचा खर्च सोडून). फरक होता 7,500 च्या फेडरल टॅक्स क्रेडिटमधे. ही मॉडेल 3 विकत घेतली तर ते मिळत होतं, आयोनिक 6 कोरियात बनते म्हणून विकत घेतल्यावर मिळत नव्हतं, पण तीच गाडी लीजवर (ठरावीक वर्षांसाठी भाड्याने) घेतली की क्रेडिट लीज कंपनीला मिळायचं आणि ती ते आपल्या हप्त्यातून कमी करू शकायची (ही क्रेडिट सप्टेंबर 2025 अखेर बंद झाली). "करू शकायची" हे नीट वाचा, करायलाच पाहिजे असं नव्हतं, त्यामुळे कोटमधे ते 7,500 वेगळ्या ओळीत लिहून मागितले.

आता चाकांचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन शनिवार वाचले असते. 2024 च्या आयोनिक 6 ची एसई 18 इंची चाकांवर यायची आणि तिची रेंज 361. वरचं लिमिटेड मॉडेल 20 इंची चाकांवर यायचं, बॅटरी तीच 77.4 किलोवॅट-अवरची, मोटर तीच, आणि रेंज 305. मोठी चाकं आणि रुंद टायर एवढ्यावर 56 माइल जातात! आणि डीलरच्या लॉटवर उभ्या होत्या त्या बहुतेक 20 इंचीच, कारण दिसायला भारी. सेल्समन म्हणाला सर रोजच्या वापरात काही कळत नाही. मी वही काढली. थंडीत पाव रेंज गेली असं धरलं तर 361 चे 270 उरतात आणि 305 चे 230. पहिल्यात ताईचं घर येतं, दुसऱ्यात दहा माइल आधी गाडी बसते. अर्थात इतकी पिळून कुणी चालवत नाही, वाटेत एकदा थांबतोच, पण एकदा थांबायचं की दोनदा हे त्याच्यावरच ठरतं.

आई-बाबा तेव्हा पुण्याहून आलेले होते, त्यांना दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. बाबा उंच आहेत, आयोनिकचं छत मागे उतरतं त्यामुळे त्यांचं डोकं छताला टेकत होतं, पाय मात्र ऐसपैस. आईचे गुडघे दुखतात, तिला दोन्ही गाड्या खाली वाटल्या, आणि ते खरंच आहे, घरात वयस्कर माणसं कायम असतील तर सेडान घेण्याआधी त्यांना पाच वेळा आत-बाहेर करायला लावा. घरून दोन मोठ्या रिकाम्या बॅगाही नेल्या होत्या. मॉडेल 3 ची डिकी सरळ सरळ मोठी आहे, शिवाय पुढे बॉनेटखाली जागा. आयोनिकची डिकी 11.2 क्युबिक फूट आणि तोंडही अरुंद, दोन बॅगा आडव्या घालाव्या लागल्या.

मग शेवटी आयोनिकच का घेतली? बायकोमुळे, आणि ती बरोबर होती. 2024 च्या मॉडेल 3 मधे इंडिकेटरची दांडी काढून टाकलीय, स्टिअरिंगवर बटणं दिलीत, गिअर स्क्रीनवर बोटाने सरकवायचा. टेस्ट ड्राइव्हला ट्रॅफिक सर्कलमधे स्टिअरिंग फिरलेलं असताना तिला इंडिकेटरचं बटण सापडेना आणि ती घाबरली. सवय होते असं सगळे म्हणतात, होतही असेल, पण रोज मुलीला शाळेत सोडणारी तीच, मग तिला जी गाडी हातात बसते तीच सुरक्षित असं मी मानतो.

सेफ्टीचं मी बरंच वाचलं. मॉडेल 3 ला 2018 मधे एनएचटीएसएचे (रस्ता सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) सगळ्या प्रकारांत पाच स्टार मिळालेत, म्हणजे तिच्यात खोट नाही. आयोनिक 6 ला आयआयएचएसचं (विमा कंपन्यांची क्रॅश टेस्ट करणारी संस्था) सगळ्यात वरचं मानांकन, टॉप सेफ्टी पिक प्लस, 2023 आणि 2024 दोन्ही वर्षी. यात 2024 चं मला जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण त्या वर्षीपासून प्लससाठी समोरच्या धडकेच्या नव्या टेस्टमधे चांगले मार्क लागतात आणि त्या टेस्टमधे ड्रायव्हरच्या मागे एक छोटी डमी बसवतात, साधारण बारा वर्षांच्या मुलाएवढी. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिथेच बसते. दुसरी बाजूही सांगतो: मार्च 2024 मधे ह्युंदाईने आयसीसीयू नावाच्या चार्जिंग युनिटसाठी अमेरिकेत सुमारे 98 हजार गाड्या रिकॉल केल्या म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्यात आयोनिक 6 आहे. हे युनिट बिघडलं की 12 व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही आणि चालत्या गाडीची ताकद जाऊ शकते. म्हणून सही करण्याआधी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या साइटवर टाकून रिकॉलचं काम झालंय का ते बघितलं. गाडी कुठलीही असो, हे दोन मिनिटांचं काम चुकवू नका.

सगळी घाई सप्टेंबरच्या शेवटी झाली. न्यू जर्सीत इलेक्ट्रिक गाडीला सेल्स टॅक्स नव्हता, तो 1 ऑक्टोबर 2024 पासून निम्मा म्हणजे 3.3125 टक्के लागणार होता (आणि जुलै 2025 पासून पूर्ण 6.625). 1 जुलैपासून रजिस्ट्रेशनवर वर्षाला 250 डॉलरची नवी फी आधीच सुरू झालेली. एका डीलरकडे कोट घेतला तर हप्ता ठीक वाटला पण मनी फॅक्टर (लीजवरचं व्याज ज्यावर ठरतं तो आकडा) सांगेनात, तीनदा विचारल्यावर 0.0031 म्हणाले. या आकड्याला 2400 ने गुणलं की व्याजाचा दर निघतो, म्हणजे 7.44 टक्के! आमचा क्रेडिट स्कोअर चांगला असताना. शिवाय पेंट प्रोटेक्शनचे पैसे न विचारता घातलेले. तिथून उठलो. दुसरीकडे 0.0020 मिळाला, 4.8 टक्के, 18 इंची एसई पांढऱ्या रंगात होती, 25 सप्टेंबरला सही केली, तीन वर्षांची लीज आणि वर्षाला 15 हजार माइलची मर्यादा. सगळीकडे आधी 10 हजारच दाखवतात, माझे ऑफिसचेच त्याहून जास्त होतात.

घरी चार्जर बसवण्यासाठी एचओएने म्हणजे आमच्या घरमालकांच्या संघटनेने महिनाभर घोळ घातला. इथे 2020 पासून कायदा आहे की अशी संघटना चार्जर बसवायला सरळ नाही म्हणू शकत नाही, ते पत्रात लिहिल्यावर परवानगी आली. आता रात्री घरी चार्ज होते, विजेच्या युनिटला तेव्हा साधारण 17-18 सेंट पडत होते, म्हणजे पूर्ण बॅटरी चौदा-पंधरा डॉलरमधे.

जानेवारीत बॉस्टनला निघालो तेव्हा बाहेर खूप थंडी होती. मी फोनचा मॅप लावला होता, गाडीचा नाही, त्यामुळे आपण चार्जरकडे चाललोय हे गाडीला कळलंच नाही आणि तिने बॅटरी आधी गरम केली नाही. कनेटिकटमधे 10 ते 80 टक्के, जे 18 मिनिटांत व्हायचं, त्याला 40 लागली, मुलगी मागे कंटाळून झोपली. येताना गाडीच्याच नेव्हिगेशनमधे चार्जर टाकला, 22 मिनिटांत झालं. त्या दिवसांत 70 च्या स्पीडला पूर्ण बॅटरीत साधारण 265 माइल मिळाले, वहीतल्या 270 च्या जवळच.

मे मधे आई-बाबा परत येतायत. नेवार्क एअरपोर्टवरून आणायला दोन गाड्या लागतील, चार बॅगा यात बसत नाहीत, शेजाऱ्यांची मिनीव्हॅन सांगून ठेवलीय. बाबांना पुढे बसवणार.