पॉज कधी दाबायचा?

तिकडच्या, म्हणजे भारतातल्या, शिक्षक मैत्रिणींशी फोनवर बोलताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "तुमचं काय गं, वर्गावर्गात स्क्रीन. व्हिडिओ लावला की झालं!" स्क्रीन आहेत हे खरं. इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते आणि माझ्या वर्गात प्रोजेक्टर, इंटरनेट, स्पीकर सगळं जागच्या जागी आहे. पण त्या "लावला की झालं"शी माझं भांडण आहे. व्हिडिओ लावला की बहुतेक वेळा शिकवणं थांबतं, आणि ते थांबलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वर्ग शांत असतो.

ही शांतता फसवी. इथली मुलं तर तिच्यात तरबेज आहेत. शिक्षक रजेवर असले की त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी तासावर येतं, आणि अशा तासाला बऱ्याचदा एखादा माहितीपट आणि सोबत दहा प्रश्नांचा कागद ठेवलेला असतो. मुलं शेजाऱ्याच्या कागदावरून उत्तरं उतरवतात आणि उरलेला वेळ पडद्याकडे तोंड करून आपापल्या तंद्रीत बसतात. दिवे गेले, पडदा उजळला की त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच: आज काही करायचं नाही. म्हणून मी दिवे घालवत नाही, अख्खी फिल्म लावत नाही, आणि प्ले दाबायच्या आधी प्रत्येकाच्या हातात पाटी देते.

पाटी म्हणजे वहीच्या पानाएवढी पांढरी प्लास्टिकची पाटी, एक मार्कर आणि पुसायला फडकं. इथल्या शाळांमध्ये ही सर्रास वापरतात. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी गपचूप लिहायचं आणि "तीन, दोन, एक" म्हटलं की एकदम वर धरायचं. सगळा वर्ग एका नजरेत वाचता येतो. मला विचाराल तर या वर्गातलं सगळ्यात कामाचं यंत्र हेच, आणि त्याला वीजही लागत नाही.

आता ही पाटी आणि फिल्म एकत्र कशी चालतात ते सांगते. 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. उजव्या हातात 1.32 किलोची हातोडी, डाव्या हातात ससाण्याचं पीस. दोन्ही एकाच वेळी सोडून दिली. नासाचं हे चित्रण जेमतेम मिनिटभराचं आहे, कुणालाही फुकट बघता येतं. चित्र धूसर, आवाज खरखरीत. मी ते लावते आणि स्कॉटची बोटं सुटायच्या आधी पॉज दाबते. "पुढे काय होणार? लिहा, आणि का तेही लिहा."

पाट्या वर येतात. काहींचं "हातोडी आधी", काहींचं "दोन्ही एकदम". आणि दर वर्षी न चुकता चार-पाच पाट्यांवर तिसरंच उत्तर असतं: "दोन्ही तरंगत राहतील, कारण चंद्रावर हवा नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण नाही." मला हवं असतं ते हेच उत्तर! पुस्तकातला धडा वाचून हा गैरसमज कधीच बाहेर आला नसता. मुलांनी "दोन्ही एकदम पडतात" हे पाठ करून परीक्षेत लिहिलं असतं आणि मनात मात्र हवा आणि गुरुत्वाकर्षणाची गाठ तशीच राहिली असती. मी काही बोलत नाही. मुलंच एकमेकांवर तुटून पडतात. "अरे, मग तो माणूस उभा कसा राहिलाय?" "त्याचे बूट जड आहेत!" "जड म्हणजे काय मग?" हा वाद पाच मिनिटं चालू द्यायचा. पडद्यावर स्कॉट बिचारा हात पुढे करून थांबलेला असतो.

मग प्ले. दोन्ही एकदम जमिनीवर. वर्गात "ओऽऽ" होतं आणि लगेच एखादा शहाणा म्हणतो, "मिस, हे स्लो मोशन आहे." उत्तम! काढा स्टॉपवॉच. हातांची उंची साधारण 1.6 मीटर धरा, चंद्रावरचं गुरुत्वत्वरण 1.6 मीटर प्रति सेकंद वर्ग, गणित करा. उत्तर 1.4 सेकंदांच्या आसपास येतं आणि पडद्यावरही तेवढंच. पृथ्वीवर हेच अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. मिनिटभराच्या फिल्मवर पाऊण तास गेला आणि त्यातला बहुतेक वेळ पडदा थांबलेला होता.

हे माझं डोकं नव्हे. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी 2008 साली पूर्ण केलेल्या पीएचडीचा विषय हाच होता. (हो, आता विज्ञानाच्या व्हिडिओंसाठी जगभर ओळखले जातात तेच.) भौतिकशास्त्राची संकल्पना स्वच्छ, सोप्या भाषेत समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांनी पाहिला. "छान समजलं" असं सांगितलं. चाचणीत मात्र आधीच्या आणि नंतरच्या गुणांत फारसा फरक नाही. दुसऱ्या गटाला दाखवलेल्या व्हिडिओत नेहमीचे गैरसमज आधी बोलून दाखवले होते आणि मग त्यांच्यावर चर्चा होती. तो मुलांना गोंधळात टाकणारा वाटला, पण त्यांचे गुण वाढले. कारण सरळ आहे: स्वच्छ व्हिडिओ बघताना मुलाला वाटतं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. मनातली चुकीची कल्पना जागची हलतच नाही. "मुलांना आवडलं का?" हा प्रश्न मी त्यामुळे सोडूनच दिलाय.

आणि फिल्म नेहमी खरंच दाखवते असंही नाही. भौतिकशास्त्राच्या वर्गांत पिढ्यान् पिढ्या दाखवलेली एक फिल्म आहे, अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाची. 1 जुलै 1940 ला पूल वाहतुकीला खुला झाला आणि 7 नोव्हेंबरला ताशी 64 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. पुलावर एक मोटार अडकलेली दिसते. तिच्यात एक कुत्रा होता आणि तो वाचला नाही, हे मुलांना कुठून तरी कळतंच. मग दहा मिनिटं फक्त कुत्र्यावर चर्चा. ती व्हायची तेवढी होऊ द्यावी, अडवून उपयोग नसतो.

ही फिल्म बहुतेक ठिकाणी अनुनादाचं उदाहरण म्हणून दाखवतात: वाऱ्याची लय आणि पुलाची लय जुळली, संपलं. मात्र 1991 साली बिला आणि स्कॅनलन या दोघांनी लेख लिहून पाठ्यपुस्तकांना सुनावलं की हे असं नाही. वारा काही ठरावीक लयीत धक्के देत नव्हता. पुलाची पीळ खाण्याची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा खेचून घेत होती आणि स्वतःला वाढवत होती. अभियंते याला एरोइलास्टिक फ्लटर म्हणतात. चित्र तेच, अर्थ वेगळा. डोळ्यांना दिसलं म्हणजे समजलं, हा भ्रम मोडायला याहून चांगला नमुना नाही.

त्यातही एक गंमत आहे. त्या दिवशी पुलावर हजर असलेल्यांनी पुलाची पीळ खाण्याची गती मिनिटाला 12 आवर्तनं नोंदवली होती. आज सगळीकडे फिरणाऱ्या व्हिडिओत मोजली तर ती 18 च्या आसपास भरते. मूळ चित्रण सेकंदाला 16 चौकटी या वेगाने झालेलं आणि पुढे ते 24 चौकटींच्या वेगाने उतरवलं गेलं, म्हणजे सगळं दीडपट वेगात. मी मोठ्या वर्गाला आधी काहीच सांगत नाही. स्टॉपवॉच देते, मोजायला लावते, मग फळ्यावर 12 लिहिते. "तुमचं चुकलं की त्या लोकांचं?" कॅमेऱ्याचं चुकलं असेल अशी शंका पहिल्यांदा ज्याला येते त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फिल्मवर इतका विश्वास ठेवायची सवय जुनीच. 1913 साली खुद्द एडिसनने सांगून टाकलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, मुलं डोळ्यांनी शिकतील आणि दहा वर्षांत शाळा पूर्ण बदलून जाईल. चित्रपटाची यंत्रं विकणारा माणूस, तो दुसरं काय म्हणणार! इथे 1957 पासून टीव्हीवर शाळांसाठी नियमित कार्यक्रम सुरू झाले. आमच्या स्टाफरूममधली पन्नाशी ओलांडलेली मंडळी त्याविषयी फार हळवी होतात: चाकांच्या उंच स्टँडवर आणलेला तो टीव्ही, कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर एकेक करून नाहीसे होणारे ठिपके, आणि ते मोजत बसलेला वर्ग. कार्यक्रमात काय होतं ते कुणालाच आठवत नाही. ठिपके आठवतात.

तशीच एक अफवा इथल्या शिक्षक प्रशिक्षणातही भेटते. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं इतके टक्के, केलेलं तितके टक्के, असा त्रिकोण. तिकडे बीएडलाही बहुतेकांनी पाहिला असेल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड) मांडला खरा, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले.

मग पडद्यावर नेमकं काय दाखवायचं? माझी कसोटी साधी आहे. जे वर्गात करून दाखवता येतं ते फिल्मवर दाखवायचं नाही. लोलकाचा व्हिडिओ कशाला, दोरा आणि नट आहे की. फार लांबचं, फार वेगाचं, फार हळू घडणारं किंवा जिवावर बेतणारं, तेवढंच पडद्यावर. शक्यतो दोन-तीन मिनिटं.

सबटायटल्सचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं यावर अनेक वर्षांचं संशोधन आहे. चित्र चालू असताना जे ऐकू येतंय तेच शब्द पडद्यावरही लिहिलेले असले तर शिकणाऱ्याचं लक्ष विभागतं, असं ते सांगतं. स्लाइडवर परिच्छेद टाकून तोच मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांनी हे भिंतीवर लावावं. पण माझ्या वर्गात घरी इंग्रजी न बोलणारी बरीच मुलं आहेत, पोलिश, उर्दू, अरबी, रोमेनियन बोलणारी. त्यांना उच्चारावरून शब्द पकडता येत नाही, अक्षरं दिसली की येतो. म्हणून मी पहिल्यांदा सबटायटल्ससह दाखवते आणि दुसऱ्यांदा सबटायटल्स काढून, आवाजही बंद करून. त्या मूक फेरीत निवेदन मुलांनी करायचं. एरवी तोंड न उघडणारी मुलगीही तेव्हा दोन वाक्यं बोलते, कारण काय बोलायचं ते समोर दिसत असतं. आणखी एक बारीक गोष्ट: लाल आणि हिरव्या रेषांचे आलेख टाळा. उत्तर युरोपीय वंशाच्या मुलग्यांत साधारण 12 पैकी एकाला त्या रंगांत गल्लत होते आणि तो ते सांगत नाही.

इथे येऊन मी खरी कुणाच्या प्रेमात पडले असेन तर व्हिज्युअलायझरच्या. टेबलावर वाकलेल्या मानेचा एक कॅमेरा, त्याच्याखाली जे ठेवाल ते मोठ्या पडद्यावर. मी त्याच्याखाली कोरा कागद ठेवते आणि किरणाकृती काढते. आधी भिंग, मग अक्ष, मग एक किरण. थांबते. "दुसरा कुठून काढू?" मुलांना माझा हात दिसतो, पट्टी सरकताना दिसते, खोडरबर दिसतो. तयार आकृतीत हा क्रमच हरवलेला असतो. एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या 69 लाख व्हिडिओ सत्रांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही तयार स्लाइडपेक्षा हाताने काढत जाणाऱ्या व्हिडिओत विद्यार्थी जास्त रमलेले दिसले, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी सहा मिनिटांच्या पुढे फारसं कुणी टिकत नव्हतं.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण विचारणा होते. इथल्या 1988 च्या कॉपीराइट कायद्याच्या 34 व्या कलमानुसार शाळेत विद्यार्थी आणि शिक्षकांपुढे शिकवण्यासाठी दाखवलेली फिल्म हा जाहीर खेळ ठरत नाही. सत्र संपताना मौज म्हणून लावलेली फिल्म किंवा पालकांना बोलावून केलेला खेळ यात बसत नाही, त्याला परवाना लागतो. वयाच्या प्रमाणपत्रापेक्षा लहान मुलांना काही दाखवायचं असेल तर शाळा आधी पालकांना पत्र पाठवून संमती घेतात.

परवा एकीने विचारलं, "अगं, आमच्याकडे अख्ख्या शाळेला एक प्रोजेक्टर. तुझं हे सगळं इथे कसं करायचं?" मी म्हटलं, प्रोजेक्टर मिळेल त्या दिवशी चंद्रावरची ती मिनिटभराची फिल्म लाव, हात सुटायच्या आधी थांबव आणि वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायला सांग. नाहीच मिळाला तर मोबाइल पुठ्ठ्याच्या खोक्यावर आडवा ठेव, आठ-आठ जणांना बोलव, बाकीच्यांना तोवर गणित दे. दुसऱ्या गटाला पहिल्या गटाने काही फोडायचं नाही, एवढं फक्त बजाव. तिचं त्यावर म्हणणं पडलं की आमची पोरं फोडणारच. फोडू दे की. "दोन्ही एकदम पडतात" एवढंच फुटेल. का पडतात ते विचारलं की पहिल्या गटालाही पुन्हा डोकं खाजवावं लागेल.